मंगळवारचा ट्रे

१

एकोणीसशे एकोणसत्तर साल होतं. त्या वर्षी माणूस चंद्रावर जाऊन सुखरूप परत आला. पण मुलांच्या इस्पितळाच्या तळघरातल्या फ्रिजमधून बोटाएवढी एक बाटली कुठे गेली, हे मात्र कुणाला सांगता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी फ्रिजचं दार धरून नळीबाई उभ्या होत्या. स्टँडला भोकं पाच, बाटल्या चार. रिकाम्या भोकापुढच्या पट्टीवर सतरा हा आकडा होता. सतरा नंबरच्या खाटेवर त्यांची भाची होती, चार वर्षांची ठकी.

नळीबाईंचं खरं नाव त्यांच्या कारखान्यात कुणी घेत नसे. मांस उकळून, आटवून सूपचा अर्क करणारा तो कारखाना. तिथल्या तपासणीच्या खोलीत बावीस वर्षं काचेच्या नळ्या हाताळून त्या नळीबाई झाल्या होत्या. लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. जीव होता तो धाकट्या बहिणीत आणि तिच्या या लेकीत.

ठकीला दीड महिन्यापासून झटके येत होते. चेहरा पांढराफटक, पोटात कळा, बोलताना मध्येच अडखळायची. बुधवारी दुपारी रिपोर्ट आला. रक्तात जन्मापासून एक एन्झाइम नाही, यावर औषध नाही. वर्षातून दोन-चार मुलं जिथे पाठवली जात, त्या लांबच्या संस्थेची गाडी शुक्रवारी अकराला येणार होती. ठकीच्या बापाने फक्त सही करायची होती. त्या संस्थेत गेलेलं मूल घरी परतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

नळीबाईंनी एकच मागितलं होतं: पोरीला पुन्हा न टोचता, उरलेल्या रक्ताची फेरतपासणी. मोठ्या डॉक्टरांनी होकारही दिला होता. आणि आता बाटलीच नव्हती.

"फुटली असेल," मोठे डॉक्टर म्हणाले.

"फुटली तर काचा सापडतात, डॉक्टर."

 डॉक्टर वाईट गृहस्थ नव्हते, पण या आजाराचं पहिलं वर्णन छापून जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि तसा रोगी आपल्याकडे निघाला म्हणून त्यांनी डॉक्टरांच्या परिषदेला कळवूनही टाकलं होतं. पण या बाईंचा शब्द त्यांना मोडवेना, कारण तपासणीला लागणारी शुद्ध पावडर गावात कुठे मिळेना तेव्हा तीही नळीबाईंनीच कारखान्यातून करून दिली होती.

"उद्या अकरापर्यंत हवं ते पाहा, हवं त्याला विचारा," ते म्हणाले. "त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

२

त्या पावडरचं नाव कार्नोसिन. मांसात सापडतं म्हणून मांसाच्या लॅटिन नावावरूनच ठेवलेलं. नळीबाईंची आणि त्याची ओळख जुनी. अर्क किती अस्सल, ते त्याच्यावरूनच ठरायचं. प्रथिनं म्हणजे शेकडो ॲमिनो आम्लांची लांबलचक साखळी. हे आपलं दोघांचंच. एक बीटा-ॲलनिन, दुसरं हिस्टिडिन, एकमेकांचा हात धरून उभे. माणूस धावतो, दमतो, स्नायूंत आम्ल साचतं, तेव्हा ते आम्ल पोटात घेऊन स्नायूला आणखी थोडं पळू देतं ते हे जोडपं. स्नायूत त्याचं राज्य. पण मांस खाल्ल्यावर ते रक्तात उतरलं, की तिथलं एक एन्झाइम दोघांचे हात सोडवून त्यांना दोन वाटांना लावतं. ठकीच्या रक्तात हा हात सोडवणाराच नाही, असं रिपोर्ट म्हणत होता.

संशय सुरू झाला तो सोमवारच्या लघवीवरून. तीत कार्नोसिन भरपूर निघालं होतं. तपासणीच्या आधी तीन दिवस मांसाचा कण पोटात जाता कामा नये, असा नियम आहे. सिस्टरनी तो बहिणीला सांगितला होता, बहिणीने पाळलाही होता.

नळीबाई वॉर्डमध्ये गेल्या. ठकी कुशीवर निजली होती, गालात काहीतरी घोळवत. बहीण खाटेच्या पायथ्याशी, दोन दिवसांचं तेच पातळ नेसून बसली होती.

"रविवारी तिने काय खाल्लं?" नळीबाईंनी विचारलं.

"मी मऊ भात भरवला. आणि तू डबा आणला होतास."

 रविवारी भेटायला येताना नळीबाईंनी कारखान्यातलं सूप आणलं होतं. पोरीच्या अंगात ताकद नाही, म्हणून दाट, दुप्पट अर्काचं. बहीण डोळा लागून पडली होती. पोरगी वाटीभर प्यायली, म्हणून मावशीला कोण आनंद झाला होता. असं सूप प्यायल्यावर धडधाकट माणसाच्या लघवीतही कार्नोसिन दिसतं, हे त्या गावात जर कुणाला पक्कं ठाऊक असेल, तर ते त्यांनाच. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यांनी बहिणीला सगळं सांगितलं. 

"म्हणजे या सगळ्याला तोंड तू फोडलंस."

"हो."

"मग निस्तरही तूच. रडत बसू नकोस इथे. रडायला मी आहे."

पण सूपाने फार तर लघवीतलं कार्नोसिन समजत होतं. रक्तातलं एन्झाइम सूपाने मरत नाही. ते कुणी मारलं?

३

प्रयोगशाळेशी संबंध येणारी माणसं तीन. रक्त काढणाऱ्या सिस्टर, बाटल्या धुणाऱ्या काकू, आणि तपासणी करणारे केमिस्ट. फ्रिजला कुलूप नव्हतं. तिघांतलं कुणीही येता-जाता बाटली उचलू शकत होतं.

सिस्टर चाळिशीच्या, बोलायला फटकळ. मंगळवारी सकाळी पाच मुलांचं रक्त काढलं, नव्याने धुऊन आलेल्या ट्रेमधल्या बाटल्यांत भरलं आणि खाली पाठवलं, एवढं त्यांनी सांगितलं. ठकीच्या रक्तात काही वेगळं वाटलं का, यावर त्या म्हणाल्या, रक्तासारखं रक्त, लाल. मग जरा थांबून पुस्ती जोडली, की पोरगी मात्र गुणी आहे. बापाने छापखान्यातून आणून दिलेला छपाईच्या अक्षराचा शिशाचा खिळा गालात धरून असते. तीनदा काढून घेतला, तीनदा कुठून तरी नवा आला. "जादूगाराची लेक शोभते," सिस्टर म्हणाल्या.

नळीबाईंच्या डोक्यात बाटलीखेरीज काही नव्हतं. त्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

काकू मोरीपाशी पाटावर बसून बाटल्यांत ब्रश फिरवत होत्या. साठीच्या, पाठीत वाकलेल्या. इतकी वर्षं कुणी त्यांना कामाचं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे एकदा विचारल्यावर थांबायला तयार नव्हत्या. इथलं पाणी म्हणजे नुसता चुना. कितीही धुवा, वाळल्यावर काचेवर पांढरे डाग. केमिस्टसाहेब येता-जाता बोलायचे, काकू, तुमच्या बाटल्यांना देवी आल्यात का. म्हातारीच्या मनाला ते फार लागलं होतं.

"मग काय केलंत?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. साहेब पाणी शुद्ध करायच्या भांड्यातला चुना एका पांढऱ्या पावडरने घालवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. सोमवारी त्याच डब्यातली पावडर पाण्यात विरघळवून त्यांनी एक अख्खा ट्रे रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी बाटल्या हिऱ्यासारख्या लखलखत होत्या.

"नंतर साध्या पाण्याने खळबळल्या?"

"अगं, खळबळल्या असत्या तर पुन्हा डाग नसते का पडले? तशाच उपड्या केल्या आणि भट्टीत वाळवल्या. साहेबांना सांगितलंही. मान वर न करता म्हणाले, बरं."

नळीबाई त्यांच्यासमोर ओल्या फरशीवरच बसल्या. ती पावडर ईडीटीए होती. तिचं काम एकच, पाण्यातला धातू मुठीत पकडायचा आणि सोडायचा नाही. चुना जातो तो त्यानेच. पण रक्ताची गाठ बसायला कॅल्शियम लागतं, तोही धातूच. आणि कार्नोसिनचे हात सोडवणारं एन्झाइम धातूवाचून लुळं पडतं.

"त्या ट्रेमधल्या बाटल्या राहिल्यात का काही?"

"आहेत ना सात. कपाटात ठेवल्यात. मोठे साहेब तपासणीला आले की दाखवायला." मग काकूंचा चेहरा हळूहळू उतरला. "का गं? माझं काही चुकलं का?"

नळीबाईंना खोटं बोलवेना आणि खरंही सांगवेना. बाटली काकूंनी नाहीशी केली असती, तर आपल्या पराक्रमाची गोष्ट अशी हौसेने सांगितली नसती, एवढं मात्र त्यांना कळून चुकलं. पण ज्याने केली, तो उद्या सगळं याच म्हातारीच्या माथी मारून मोकळा होणार, हेही दिसत होतं.

४

केमिस्ट तिशीचे, सोनेरी काडीचा चष्मा, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. ते नळीबाईंशी अदबीने वागले. बाटली गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं. काकूंना हल्ली नीट दिसत नाही, असं ते दोनदा म्हणाले. रजिस्टर त्यांनी स्वतः उघडून दिलं.

नळीबाईंनी मंगळवारचं पान बोट ठेवून वाचलं. पाच मुलं. गाठीच्या रकान्यात पाचांपुढे एकच शेरा: नीट धरली नाही. कॅल्शियमच्या रकान्यात पाचही आकडे कमी. एका दिवशी, वेगवेगळ्या आजारांच्या पाचही पोरांचं कॅल्शियम एकदम घसरावं? ते बुधवारी सकाळी मोजलेलं होतं. खाली एन्झाइमची तपासणी, मंगळवार दुपार. ठकीपुढे शून्य. आणि तिच्याखाली, तुलनेसाठी घेतलेलं निरोगी माणसाचं रक्त: भरपूर. निरोगी माणूस म्हणून केमिस्टनी स्वतःचंच नाव घातलं होतं.

नळीबाईंनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं ते तिथेच राहिलं.

"हे तुमचं रक्त, साहेब? कशात घेतलं होतं?"

"म्हणजे?"

"नाही, आमच्या कारखान्यात कुणी विचारत नाही. इथे कसं करतात ते कळावं म्हणून."

केमिस्टनी चष्मा पुसला. "त्याच ट्रेमधल्या बाटलीत. रोग्याचं आणि निरोग्याचं रक्त एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. मी नियम मोडत नाही, बाई."

"ते दिसतंच आहे," नळीबाई म्हणाल्या आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

ट्रे बारा बाटल्यांचा होता. पाच मुलांना लागल्या, सात कपाटात होत्या. ही बेरीज त्यांनी जिना चढताना केली, आणि पुन्हा एकदा केली. वर जाऊन सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या की मंगळवारी धावपळ होती, साहेबांचं रक्त काढल्याचं आठवत नाही, पण शपथ घ्यायला सांगाल तर घेणार नाही. तेव्हा तिथे साक्षीदार नव्हता. उरला होता तो एक दिवसही नाही, आणि बापाच्या खिशात सहीचा कागद.

त्यांनी सिस्टरपुढे बाही वर केली.

"दोन बाटल्या भरा. एक काकूंच्या ट्रेमधली, एक माझ्या पिशवीतली, कारखान्याची नवी. आणि तिसरी, तशीच नवी, ठकीच्या रक्ताची."

"आणखी टोचायचं तिला?" बहिणीने विचारलं.

"एकदाच. शेवटचं." म्हणून गेल्यावर हे शब्द त्यांचे त्यांनाच टोचले.

५

तिन्ही रक्तं खाली बसल्यावर वर राहिलेल्या पाण्यात नळीबाईंनी कार्नोसिन घातलं, अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवलं, आणि कारखान्यातल्या आपल्या खोलीत, आपल्या हाताने त्याचे थेंब घटक वेगळे पाडणाऱ्या कागदावर चढवले. शुक्रवारी साडेदहाला त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आल्या तेव्हा तो कागद त्यांच्या दोन्ही हातांवर आडवा होता. डॉक्टर, केमिस्ट, सिस्टर, बहीण आणि मेहुणे आधीच आत होते. मेहुण्यांच्या हातात पेन होतं, पण टोपण काढलेलं नव्हतं.

कागदावर जांभळे डाग उमटले होते. कार्नोसिन शाबूत राहिलं तर एक डाग. त्याचे हात सुटले तर दोन, एकमेकांपासून दूर.

नळीबाईंनी एकेक ओळ दाखवली. नवी बाटली, त्यांचं रक्त: दोन डाग. काकूंच्या ट्रेमधली बाटली, रक्त त्यांचंच: एक डाग. आणि तिसरी ओळ. नवी बाटली, ठकीचं रक्त. मोठ्या डॉक्टरांनी कागद खिडकीकडे नेला आणि उजेडात धरला.

"दोन," ते म्हणाले.

बहिणीने तोंडावर पदर धरला.

मग नळीबाईंनी पावडरीची हकिकत सांगितली. काकूंच्या हातून चूक झाली होती, पण ती चूक त्यांनी लपवली नव्हती, साहेबांच्या कानावर घातली होती. साहेबांना तेव्हा तिचा अर्थ लागला नाही. लागला तो बुधवारी सकाळी, पाचांचं कॅल्शियम पडलेलं पाहिल्यावर. पण तोवर रिपोर्टवर सही झाली होती आणि परिषदेला पत्र गेलं होतं. फेरतपासणीचं नाव निघताच बाटली गेली.

केमिस्ट शांतपणे म्हणाले, की हे सगळे अंदाज आहेत. बाटली कुणीही घेतली असेल.

"असेल," नळीबाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा. त्या ट्रेमध्ये माझं रक्त मेलं. पाच पोरांचं बिघडलं. मग तुमचं एकट्याचं कसं जगलं?"

केमिस्टनी चष्म्याला हात लावला, पण काढला नाही.

"तो आकडा मोजलेला नाही, साहेब. तुम्ही स्वतःचं रक्त घेतलंच नव्हतं. बारा बाटल्यांतल्या पाच भरल्या, सात कपाटात उरल्या होत्या. तुमची कुठली? खरंच घेतलं असतंत, तर मंगळवारीच तुमच्या नावापुढेही शून्य आलं असतं, आणि घोटाळा बाटलीचा आहे हे तिथल्या तिथे कळलं असतं. पण तुम्ही बसल्या जागी आकडा लिहिला. फेरतपासणी झाली असती, तर निरोगी रक्तही त्याच बाटल्यांत खरंच घ्यावं लागलं असतं, आणि तोच आकडा उघडा पडला असता. म्हणून बाटली गेली."

दारात गाडीचा हॉर्न वाजला. 

केमिस्ट बोलले, ते मोठ्या डॉक्टरांकडे पाहून. बाटली मोरीत ओतली, काच कचऱ्याच्या भट्टीत टाकली, असं त्यांनी सांगितलं. "मला वाटलं, पोरगी आजारी तर आहेच. काहीतरी झालेलंच आहे तिला. नाव चुकलं तर काय मोठं बिघडतं?"

"त्या नावावरच गाडी आलीय ना दारात," बहीण म्हणाली.

६

गाडी परत पाठवण्यात आली. पण मोठ्या डॉक्टरांचा चेहरा उजळला नव्हता. त्यांनी सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं: मग हिला झालंय तरी काय? चुकीच्या आजारातून पोर सुटली होती; झटके काही सुटले नव्हते. पहाटेपासून दोन येऊन गेले होते.

तेव्हा नळीबाईंना सिस्टरचं बोलणं आठवलं. गाल. खिळा. जादूगाराची लेक. त्या मेहुण्यांकडे वळल्या आणि विचारलं, छापखान्यातले खिळे तुम्ही कधीपासून घरी आणता?

मेहुणे छापखान्यात खिळे जुळवत. एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, ओळीचं पान करायचं. झिजलेली अक्षरं वितळवायला टाकतात, त्यातली चार-दोन ते खिशात घालत. पोरीला अक्षरओळख व्हावी म्हणून. ती अक्षरं घेऊन झोपायची. अर्धा खोका भरला होता.

"तोंडात घालते, ते माहीत होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, अक्षरांची गोडी लागली."

डॉक्टर तोवर ठकीच्या हिरड्यांवरची निळसर रेघ पाहून आले होते. रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशींत निळे कण विखुरलेले. शिसं. दीड महिना सगळं समोर होतं, आणि ते बसले होते मासिकातला नवा आजार शोधत. आपलं चुकलं, असं ते मेहुण्यांसमोर स्पष्ट म्हणाले. त्या काळी डॉक्टर असं म्हणत नसत.

मेहुणे भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना उठवायला कुणी गेलं नाही, बहीणही नाही.

उपाय होता, आणि तो त्याच पावडरीच्या जातीचा होता. औषधी स्वरूपातला ईडीटीए शिरेतून थेंब थेंब द्यायचा. रक्तातलं शिसं मुठीत धरून तो लघवीवाटे बाहेर काढतो. पण मेंदूपर्यंत पोचलेल्या शिशाने काय काय पुसून टाकलंय, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. डॉक्टरांनी तेही लपवलं नाही. पहिले चार दिवस ठकी कुणाला ओळखत नव्हती. पाचव्या दिवशी तिने मावशीकडे पाणी मागितलं.

पुढे काय काय झालं, तेही सांगून टाकते. मोठ्या डॉक्टरांनी परिषदेतून आपलं नाव काढून घेतलं आणि मंगळवारच्या पाचही घरी स्वतः जाऊन खरं सांगितलं. केमिस्टची नोकरी गेली. नंतर ते शाळांना काचसामान पुरवत, आणि त्यांची बिलं म्हणे एका पैने चुकत नसत. काकू महिनाभर कामावर आल्या नाहीत. मग सिस्टर त्यांच्या घरी जाऊन भांडून त्यांना घेऊन आल्या, आणि पाण्याने तीनदा खळबळल्याशिवाय काकूंनी पुढे चमचासुद्धा वाळत घातला नाही. सिस्टर त्याच इस्पितळात मेट्रन होऊन निवृत्त झाल्या. नळीबाई ब्याऐंशीव्या वर्षी गेल्या. रविवारचा डबा त्यांनी स्वतःला कधी माफ केला नाही. बहिणीने मात्र तो विषय पुन्हा काढला नाही, आणि शेवटची सहा वर्षं त्यांना आपल्या घरीच ठेवून घेतलं.

बहीण नवऱ्याशी दोन वर्षं कामापुरतं बोलत होती. मग एक मुलगा झाला आणि घरात पुन्हा आवाज सुरू झाले.

ठकीचे झटके थांबले. हसरी, कामसू निघाली. मोठी होऊन रोपवाटिका चालवू लागली, अजून चालवते. पण वाचन तिला कायमच जड गेलं. अक्षरं जागेवर थांबत नाहीत, असं ती म्हणते. सातवीच्या पुढे शाळा झाली नाही. बाप अंथरुणाला खिळले, डोळे गेले, तेव्हा रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचं तिने आपणहून अंगावर घेतलं. एकेक शब्द चाचपडत, पुष्कळदा भलताच. दोन ओळींना पाव तास लागे. जन्मभर उलटी अक्षरं वाचून दुसऱ्यांच्या चुका वेचणारा तो माणूस उशीला टेकून ऐकत राही, आणि तिची एकही चूक त्याने कधी दुरुस्त केली नाही.